पेनांगमध्ये घ्यायचं पातळ

फिरायला गेल्यावर माणूस एवढा दमतो हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी आपली अमरावतीला साईनगरात गच्चीवर पापड वाळवत बसले असते. पण विपुलला, म्हणजे आमच्या मुलाला, पुण्यात बसून आईबापाचे लाड करायचे होते. त्यानं सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या जहाजाची तिकिटं काढली, अकोल्याच्या एका टूरवाल्याच्या घोळक्यात आम्हाला घातलं आणि वर मलाच बजावलं, "आई, काही काम करायचं नाही. नुसतं एन्जॉय करायचं." मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. काम न करता दिवस कसा काढायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही.

जहाजावर सगळं फुकट खायला होतं, आणि तेच वाईट होतं. लोक सकाळी उठून खायचे, खाऊन झोपायचे, उठून पुन्हा खायचे. आमच्या ह्यांना म्हणजे देवानंदरावांना ते फार मानवलं. नांदगाव खंडेश्वरच्या शेतात तुरीच्या बांधावर बसून भाकर खाणारा माणूस, इथं रोज ताटात कलिंगडाचं कोरलेलं फूल घेऊन यायचा आणि मला दाखवायचा. मला मात्र झोप नव्हती. खोलीला खिडकी नव्हती, जमीन सारखी हलल्यासारखी वाटायची आणि पाय सुजून चप्पल चढत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज मलेशियातल्या पेनांगला लागलं. गावाचं नाव जॉर्जटाऊन. आमचा टूरवाला मनोज केशरी झेंडा घेऊन धक्क्यावर उभा राहिला आणि ओरडून सांगू लागला, "दिवसभर मोकळे. बाजार इथंच, चालत जा. पन पाच वाजता शिडी उचलतात. राहिला तो राहिला! अन् आजच्या आज घरी फोन करून घ्या. इथून निघालं का मंग सिंगापूरपर्यंत रेंज नाही."

फोन म्हणजे आमच्या दोघांत माझाच. विपुलनं बाहेरदेशाचा पॅक माझ्याच फोनमध्ये टाकला होता, ह्यांचा नुसता फोटो काढायला होता. मी धक्क्यावरच फोन चालू केला, आणि तो हातात थरथरायलाच लागला. एकामागून एक मेसेज. पहिला विपुलचा.

"आई, हिवरखेडचे मामाजी गेले. पहाटे, झोपेतच. माती दुपारी आहे. बाबांना आत्ता सांगू नकोस. तुम्हाला तिथून येता तर येणार नाही, आणि त्यांच्या छातीचं तुला माहीत आहे. सिंगापूरला उतरलात की मी स्वतः सांगतो."

हिवरखेडचे मामाजी म्हणजे महादेवराव, ह्यांच्या थोरल्या बहिणीचे, जयवंताबाईंचे यजमान. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात. भाटव्यांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हापासून ते चार पावलं डावा पाय ओढत जायचे, बाकी चाकाच्या खुर्चीत, आणि बाईंनीच त्यांचं सगळं केलं. आणि ह्यांच्या छातीत गेल्या उन्हाळ्यात नागपूरला स्प्रिंग बसवली होती. माय गेली तेव्हा हे एवढेसे होते, बाईंनीच त्यांना वाढवलं. बाईंचा शब्द म्हणजे ह्यांना देवाची आज्ञा.

मी वर पाहिलं. हे एका तीनचाकी सायकलरिक्षाला टेकून उभे होते. तिला प्लास्टिकची फुलं लावलेली आणि कानठळ्या बसवणारं गाणं चालू.

"अवो, एक फोटो काढ ना," हे म्हणाले. "भाटव्याले दाखवीन. म्हनीन, पाहा, तुमच्यासारखा मीबी बसून फिरून रायलो."

मी फोटो काढला. ह्यांनी तो दोनदा काढायला लावला.

त्या सकाळी मी ठरवलं ते असं. विपुल म्हणतो तेच करायचं. इथं परमुलखात ह्यांना काही झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ? मनोजच्या? तो तर झेंडा सांभाळताना घामाघूम होतो. आजचा दिवस काढायचा, जहाजावर गप्प बसायचं, सिंगापूरला विपुल बोलेल. हे सगळं ठरवायला सोपं होतं, कारण माझा फोन तेवढ्यापुरता शांत झाला होता.

बाजार म्हणजे जुन्या दुकानांच्या रांगा, वर माड्या आणि खाली झाकलेले व्हरांडे. लोक ह्या व्हरांड्यांतून चालतात आणि ऊन चुकवतात, पण मध्येच दुकानदारांनी मालाचे ढीग मांडलेले, मोटरसायकली उभ्या केलेल्या, मग पुन्हा उन्हात उतरा, पुन्हा चढा. जायफळाचं लोणचं, सुकी मासळी, उदबत्त्या, घड्याळं, आणि सगळ्याचा एकत्र वास. आमच्यासोबत अकोल्याच्या लीलाबाई होत्या. त्यांनी वेदना घालवायच्या बामाच्या बाटल्या पिशवीभर घेतल्या आणि मला म्हणाल्या, "तुमी काहीच घेऊन नाही रायल्या, ताई. गावात तोंड कसं दाखवाल?" खरंच आहे. आमच्याकडे माणूस लांब गेला की परतताना भावकीतल्या प्रत्येक घरी हातावर काही तरी ठेवावं लागतं. मी जायफळं घेतली, चाव्यांचे छल्ले घेतले, कुणाला काय हा विचारच करत नव्हते. माझ्या डोक्यात हिवरखेडचं अंगण होतं.

ह्यांचं एकच चाललं होतं. भाटव्यांसाठी काठी घ्यायची. साधी नाही, घडी होणारी, खाली चार पाय असलेली, मुठीत दिवा असलेली. "लकव्याचा मानूस हाये," हे दुकानदाराला मराठीतच समजावत होते, "डावा पाय ओढते. समजलं का?" दुकानदार चिनी म्हातारा, मान डोलवत होता. मग ह्यांनी डावा पाय ओढत दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. हुबेहूब महादेवराव. तो चिनी म्हातारा हसला, आणखी एक काठी काढून दिली, आणि हे पुन्हा तसेच चालले. एका दुकानात नाही, तीन-चार दुकानांत. मी बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होते. असं वाटत होतं की आत जाऊन ह्यांच्या हातातली काठी हिसकावून घ्यावी आणि ओरडावं. आणि तेवढंच जोरात वाटत होतं की ह्यांना चालू द्यावं.

तेव्हाच फोन वाजला. पडद्यावर गोपाल. जयवंताबाईंचा मुलगा. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग त्याचा मेसेज आला.

"मामी, मायले इतकंच पायजे का मामाशी बोलाव. सकाळपासून कोनाशी बोलली नाही, रडली बी नाही. भिंतीले टेकून बसली. म्हनते, देवाले फोन लावा. एकदा लावा मामी."

देवा म्हणजे हे. ह्या जगात ह्यांना देवा म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

मी वाचलं आणि माझ्या सकाळच्या ठरावाचं पाणी पाणी झालं. ह्यांना मी नंतर सांगितलं असतं, सिंगापूरला सांगितलं असतं, अमरावतीला सांगितलं असतं तरी महादेवराव गेलेलेच राहिले असते. पण पाच वाजता जहाज सुटलं की बाईंना भावाचा आवाज कित्येक तास ऐकू येणार नव्हता, आणि त्यांनी तेवढंच मागितलं होतं. दुसरीकडे ह्यांची छाती. एक बहीण एका बाजूला आणि एक नवरा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मी, सुजलेल्या पायांची.

जेवायला एका तमिळ खानावळीत शिरलो. केळीच्या पानावर भात. हे मनापासून जेवले, दोनदा सांबार घेतलं, काठी टेबलाला उभी केली आणि मध्ये मध्ये तिच्याकडे पाहत राहिले. माझं पान तसंच होतं. "कावून जेवून नाही रायली?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाय दुखतात. खोटं नव्हतं.

जेवून झाल्यावर हे म्हणाले, मी त्या कोपऱ्यावरून गोपालच्या पोरासाठी गाडी पाहून येतो, तू कुठं तरी बस. समोरच साड्यांचं दुकान होतं. आत थंड हवा होती, बसायला गादी होती. दमलेलं माणूस ओळखीच्या जागी शिरतं, तशी मी शिरले. आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं, की चला, निदान हे एक काम तर करून घेऊ.

आमच्याकडे रीत अशी आहे. बाईचा नवरा गेला की तेरवीच्या दिवशी माहेरचा दुखवटा येतो. भाऊ बहिणीसाठी पातळ आणतो, आणि तिनं ते नेसल्यावर तिचा दुखवट्याचा काळ उठतो. ते नेसल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. पातळाचा रंग कुणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळ्यांना माहीत असतो. हिरवं नाही. लाल नाही. काठातसुद्धा नाही. गावोगाव आता ठराव होतात, की ह्या जुन्या गोष्टी सोडा, आणि ठराव करून घरी आलेल्या बायाच मग दुकानात जाऊन राखाडी पातळ निवडतात. मीही निवडलेलं आहे, माझ्या चुलत जावेसाठी.

दुकानातली बाई तमिळ होती, साठीची, वेणीत मोगरा. माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या पाहून तिनं आधी हिरव्या साड्याच उलगडल्या. मी बाजूला सारल्या. "नो ग्रीन. नो रेड." तिनं लाल काठाची केशरी आणली, मी तीही सारली. "फॉर यू?" तिनं विचारलं. "नॉट फॉर मी," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि तिचं दुकानदारीचं हसू गेलं. मग ती खाली वाकली आणि अगदी तळाच्या फळीवरून दुसरा गठ्ठा काढला. राखाडी, बिस्किटी, मळकट जांभळट. तमिळ असो की वऱ्हाडी, ही तळाची फळी सगळीकडे असतेच.

मी एक राखाडी मांडीवर घेऊन तिचा पोत पाहत होते, तेवढ्यात हे आत आले. एका हातात खेळण्यातली गाडी, दुसऱ्या हातात घडी केलेली काठी. हे थांबले. दर भाऊबीजेला बाईंचं पातळ हे स्वतः घेतात, अकोल्याच्या कापडबाजारात तासभर बसून, मला दुकानाची पायरीसुद्धा चढू देत नाहीत. तेव्हा साड्या कशा बाजूला सारल्या जातात हे ह्यांना माझ्याहून जास्त कळतं. ह्यांनी बाजूला पडलेल्या हिरव्यांकडे पाहिलं. लाल काठाकडे पाहिलं. मग माझ्या मांडीकडे.

"कोन गेलं?" हे म्हणाले.

"कोनी नाही. तुमी बसा. पानी घ्या."

"हिरवं बाजूले, लाल बाजूले. हे कोनाले घेऊन रायली तू? कोन गेलं ते सांग."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. आणि मला लपवायचंही नव्हतं, एवढी मी थकले होते. "भाटवे," मी म्हटलं. "पहाटे. झोपेतच गेले. दुखलं नाही."

हे समोरच्या स्टुलावर बसले. मी त्यांच्या छातीकडे पाहत होते. ती दुकानातली बाई न सांगता पाणी घेऊन आली.

"तुले कधी माहीत झालं?"

"धक्क्यावर."

"म्हंजे सकाळी." हे पाणी प्यायले नाहीत. "म्हंजे मी दुकानादुकानात त्याच्यासारखा लंगडत चालून रायलो, अन् तू पाहून रायली."

"विपुल म्हने..."

"इपुल काय म्हनते ते मी मंग पाहतो. बाईनं फोन केल्ता का?"

"गोपालनं."

"किती डाव?"

मी मांडीवरच्या साडीचा पदर सारखा करू लागले.

"मी काय लेकरू हाव व?" हे एवढ्या मोठ्यानं म्हणाले की दुकानातल्या दोघी-तिघी वळून पाहू लागल्या. "माझी बहीन तिथं बसली, अन् मी इथं सांबार खाऊन रायलो!"

मग मीही चिडले. सकाळपासून साचलेलं सगळं बाहेर आलं. "तुमच्या छातीत स्प्रिंग बसवली तवा बाहेर बाकड्यावर कोन बसलं होतं? मी! इथं तुमाले काही झालं असतं तर कोनाले हाक मारली असती मी? त्या झेंडेवाल्याले?" बोलता बोलता मला रडू फुटलं. दुःखाचं कमी, दमल्याचं आणि भीतीचं जास्त. परक्या गावात, परक्या बाईच्या गादीवर, राखाडी साडी मांडीवर घेऊन मी हुंदके देत होते.

ह्यांनी काठी गादीवर ठेवली. मग हात पुढे केला. "फोन दे."

मी गोपालला लावून दिला आणि स्पीकर चालू केला, म्हणजे काही झालं तर मला कळावं.

"मामा!" गोपालचा आवाज आला. मागं माणसांची गडबड, कुणी तरी बांबू आणा म्हणत होतं. "थांबा मामा, मायले देतो. उचलाचंच होतं आता, मी थांबवलं सगळ्याइले."

मग फोन हातातून हातात गेल्याची खरखर.

"देवा?"

"हो बाई."

"जेवला का?"

एवढं विचारल्यावर ह्यांचा चेहरा सगळा मोडला. जेवलो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. "बाई, मले येता नाही येत व. पान्यात हाव मी. मातीले येता नाही येत."

"मालूम हाये. इपुलनं सांगतलं." बाईंचा आवाज कोरडा होता, शेतातल्या कामाचं बोलावं तसा. "तब्येत सांभाळ. गोळ्या घेऊन रायला ना?"

"हो."

मला वाटलं आता फोन ठेवतील, बोलायला काही उरलेलं नाही. ह्यांची नजर माझ्या मांडीवर गेली. आणि ह्यांनी जे विचारलं, ते आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही, त्या दिवशी तर नाहीच.

"बाई, पातळ कोन्त्या रंगाचं आनू?"

मी तोंडावर हात ठेवला. तिथं अंगणात नवऱ्याचं प्रेत ठेवलेलं, गावच्या बाया भोवती बसलेल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा फोनवर भाऊ रंग विचारतो! मला वाटलं बाई फोन टाकून देतील. मागची गडबडही थांबल्यासारखी झाली.

"निळं," बाई म्हणाल्या.

"निळं?"

"गडद. त्याइले निळं खपत नव्हतं, म्हनत डोयात खुपते. म्हनून तुले कधी सांगतलं नाही. सारा जलम हिरवं नेसली." त्या थांबल्या. "अन् हे पाह्य देवा, फिक्कं आनू नको. फिक्कं आनलं तर मी नेसनार नाही. ते गेले. मी हाव ना अजून."

आणि मग बाई रडल्या. आधी एक आवाज आला, दाबलेला, नंतर मोकळा. मागून कुण्या बाईनं घाईघाईनं दुसरीला सांगितलेलं आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं, "रडली व, रडली. सोडा तिले, रडू द्या."

हे स्टुलावरून उठून उभे राहिले होते. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. रस्त्यावरून त्या फुलांच्या रिक्षा गाणी लावून जात होत्या, दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, आणि हे त्या सगळ्यात उभे राहून फोनला म्हणत होते, "रड बाई, रड. मी हाव इथं. फोन ठेवून नाही रायलो."